घरात चॉकलेट येत नाही, तरी साडेसहा वर्षांच्या मुलाच्या चार दाढा किडल्या. चुकतंय कुठे?

आंबेवाली वहिनी (देवगड तालुका)

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

माझा धाकटा यंदा पहिलीत गेला. गेल्या सोमवारी रात्री अकराला गाल धरून उठला तो थांबेचना. सासूबाईंनी लवंग ठेचून कापसात घालून दिली. ती दाढेवर कमी नि हिरडीवर जास्त बसली, मग हिरडी पोळली म्हणून आणखी रड. लाईट गेलेले, बाहेर पाऊस धो धो, मी मोबाईलचा टॉर्च मारून त्याच्या तोंडात बघतेय तर काहीच दिसेना. दाढा वरून पांढऱ्याशुभ्र. सकाळच्या पहिल्या एसटीने कणकवली गाठली. डॉक्टरांनी आरसा फिरवला आणि म्हणाले, "चार." मला वाटलं चारशे रुपये. तर चार दाढा किडलेल्या! एकीची कीड आतल्या नसेपर्यंत गेलीय, तिचं रूट कॅनल करून वर टोपी बसवायची. दोन भरायच्या. चौथीवर लक्ष ठेवायचं.

"गोड किती खातो?" त्यांनी विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं, आमच्या घरात चॉकलेट येत नाही, गोळ्या नाहीत, बाटलीतली थंडं नाहीत, चहासुद्धा गुळाचा. तेवढ्यात खुर्चीतून, तोंडात तो आरसा असताना, आमचं रत्न म्हणालं, "आंआपोई."

आता हे सांगायलाच हवं की आमचा घरगुती धंदाच आंबापोळीचा. मे महिन्यात हापूसच्या रसात साखर घालून ताटांत पसरायचा, एक थर वाळला की वर दुसरा. ताट गोल, पण गिऱ्हाईकाला लागतात चौकोनी तुकडे. त्यामुळे कापल्यावर कडा उरतात. पातळ, चिवट, ओढली की ताणत येणारी कड. ती विकायची नाही, ती पोरांची. वर्षभर एका बरणीत असते आणि बरणी त्याच्या हाताला येईल अशा फळीवर. जाता-येता एक पट्टी काढतो, गालात धरतो आणि खेळायला जातो. शाळेच्या बाटलीत कोकम सरबत, कारण अमृत कोकमही घरचंच. त्यात रंग नाही, केमिकल नाही. मी स्वतःच्या हाताने घातलेली साखर आहे, एवढंच.

आता माझे प्रश्न. गूळ आणि घरचं फळांचं गोडसुद्धा दात किडवतं का? सासूबाई म्हणतात, "दुदाचे दात ते, पडतले आपसूक. त्यांका कित्याक पैसो घालतस?" यात काही तथ्य आहे का? खर्च ऐकून मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि पेस्टचं काय करायचं? व्हॉट्सॲपवर रोज येतं की फ्लोराईड विष आहे. म्हणून मी त्याला स्ट्रॉबेरीच्या वासाची, बिनफ्लोराईडची आणली होती, ती तो घासतो कमी नि गिळतो जास्त. मी स्वतः लग्नापर्यंत राखुंडीने दात घासले, माझी एक दाढ किडलेली नाही. मग याचंच असं का?

गुरुजी (राजापूर)

वहिनी, आमच्या लहानपणी ब्रश हा शब्द ठाऊक नव्हता. सकाळी परसात जायचं, आंब्याचं कोवळं पान तोडायचं, मधली शीर काढून गुंडाळी करायची आणि त्याने दात घासायचे. शिरेने जीभ. नाहीतर कडुलिंबाची काडी, तीही चावून चावून कुंचा करून. जेवण झालं की पानावरून उठून खळखळून चुळा भरायच्या, आजी मोजायची. तीन नाही भरल्या तर पुन्हा मोरीवर पाठवायची. माझं वय बहात्तर आहे आणि मी अजून सुक्या बांगड्याचं डोकं चावून खातो.

गुळाने काही होत नाही असं माझं मत. गुळात लोह आहे. साखर हे सगळ्याचं मूळ. पोराला कडुलिंबाची काडी द्या, पेस्टचा खर्च वाचेल.

दातांची डॉक्टर (मालवणकडची)

गुरुजी, तुमच्या आजींच्या चुळांना माझा नमस्कार, पण गुळाबद्दल तुमच्याशी भांडणार आहे.

वहिनी, पेशंट मी पाहिलेला नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेच करा. मी फक्त का ते सांगते.

कीड म्हणजे अळी नव्हे. अजून आमच्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन "किडे पाडून" आलेले पेशंट येतात, आणि दाढ तशीच ठणकत असते. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवलीत तर बुळबुळीत लागतं ना, तो जिवाणूंचा थर. तुम्ही गोड खाल्लंत की तेही खातात आणि काही मिनिटांत आम्ल बनवतात. शाळेत सामू (पीएच) शिकलो होतो आठवतं? तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त. दाताजवळचा सामू साधारण साडेपाचच्या खाली उतरला की दाताच्या वरच्या कवचातली खनिजं विरघळायला लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल मारते आणि लाळेतली खनिजं परत दातात बसतात. याला अर्धा-पाऊण तास लागतो. दिवसातून चार वेळा खाल्लंत तर लाळेला सावरायला वेळ मिळतो. दर तासाला एक पट्टी गालात गेली तर तिला वेळच मिळत नाही, आणि एक दिवस कवच आत कोसळतं.

म्हणजे किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं आणि किती वेळ तोंडात राहिलं, हे मोठं. स्वीडनमध्ये विपेहोल्म नावाच्या संस्थेत १९४० च्या दशकात याचा प्रयोग झाला होता. बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला दिल्या, आज कुणी असं केलं तर तुरुंगात जाईल. पण त्यातून दिसलं ते असं की जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने फारसं बिघडलं नाही, मधल्या वेळी खाल्लेल्या चिकट टॉफीने दात भराभर किडले. आता तुमची आंबापोळीची कड डोळ्यांसमोर आणा. चिकट, गोड, वर जराशी आंबट, आणि गालात धरून खेळायला जाण्याजोगी. वहिनी, राग मानू नका, दातांच्या हिशेबाने तुम्ही टॉफीच बनवता. चांगली बनवत असाल, मलाही एक किलो हवी आहे.

गुळाचं सांगते. गूळ बहुतांशी तीच उसाची साखर आहे. त्यात लोह-बिह असेल ते पोटात गेल्यावर. जिवाणू गूळ घरचा की दुकानातला हे विचारत नाहीत. मधाचंही तेच. कोकमाचं मात्र दोन वेगळ्या बरण्यांत आहे बघा: आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस) आणि अमृत (साखर घातलेला). आगळाची सोलकढी, बिनसाखरेची, जेवणाबरोबर वाटीभर खुशाल द्या. अमृत कोकमात साखरही आहे नि आम्लही, आणि ते बाटलीतून घोट घोट दिवसभर. हे मला आंबापोळीपेक्षाही वाईट वाटतं, कारण यात आपण काही खातोय असं पोराला वाटतच नाही. एका पेल्यात, जेवणाबरोबर, एकदाच. बाटलीत साधं पाणी.

आणि आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच ब्रश नको. तेव्हा कवच मऊ असतं, घासून आणखी झिजतं. साध्या पाण्याने चूळ, अर्ध्या तासाने ब्रश. गुरुजींच्या आजी इथे शंभर टक्के बरोबर होत्या.

तुम्हाला टॉर्चने का दिसलं नाही? दुधाच्या दाढा एकमेकींना अगदी चिकटून असतात आणि कीड बहुतेकदा त्या दोघींच्या मधल्या फटीत सुरू होते. वरून शुभ्र, आतून पोकळ. आपण ज्याला भोक म्हणतो ते दिसेपर्यंत आत घर झालेलं असतं. ब्रश त्या फटीत शिरत नाही, तिथे फ्लॉसचा दोरा लागतो. रात्री दोन मिनिटांचं काम आहे.

सासूबाईंना सांगा, पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांला पडतात, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. म्हणजे तुमच्या मुलाला त्याच दाढांनी अजून चार-पाच वर्षं भाकरी चावायची आहे. लवकर काढली तर शेजारचे दात त्या जागेत कलंडतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट राहत नाही. आत पू झाला तर खालच्या पक्क्या दातालाही डाग पडू शकतो. पैसो आत्ता घाला, नाहीतर मग तारेला घालाल.

पेस्टचं. फ्लोराईड विरघळत चाललेल्या कवचाला पुन्हा घट्ट करायला मदत करतं. भीतीमागची गोष्ट खोटी नाही, पण ती पाण्याची आहे. आपल्या राज्यात यवतमाळ-चंद्रपूरकडे काही गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त, ते पाणी वर्षानुवर्षं प्यायल्याने दातांवर डाग पडतात, हाडं आखडतात. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. पेस्ट थुंकायची असते, प्यायची नसते. ट्यूबवर फ्लोराईड १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) लिहिलेलं बघा. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षं मटारच्या दाण्याएवढी, तुमच्या मुलालाही सध्या तेवढीच पुरे. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट पसरतात ती पेस्ट खपावी म्हणून. थुंकल्यावर पेलाभर पाण्याने धुऊन टाकू नका, फक्त थुंकायचं. आणि ट्यूब उंचावर ठेवा, स्ट्रॉबेरीची सवय लागलेली आहे.

शेवटचं म्हणजे, घासायचं तुम्ही. त्याने नव्हे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला ते वळण नसतं. मोरीजवळ त्याला पुढे उभा करा, डोकं तुमच्या पोटाला टेकवा, एका हाताने ओठ वर करा आणि हिरडीच्या कडेपासून छोटे छोटे गोल. रात्रीचं कधीच चुकवू नका. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्री दातात राहिलेलं सकाळपर्यंत काम करत राहतं. रात्रीच्या ब्रशनंतर पाणी सोडून काही नाही, खोकल्याचं गोड औषधसुद्धा ब्रशच्या आधी.

कडुलिंबाच्या काडीबद्दल गुरुजींना दुखवत नाही. नीट चावून वापरली तर थर निघतो. पण पहिलीतल्या मुलाला मागच्या दाढेच्या आतल्या बाजूपर्यंत ती नेता येईल का? राखुंडी मात्र नको. ती खरखरीत असते, कवच झिजवते. वहिनींच्या दाढा राखुंडीमुळे नव्हे, राखुंडी असूनही टिकल्या. त्या काळी तुमच्या घरात गोड किती वेळा होत असे, ते आठवून बघा.

सुपारीवाला (श्रीवर्धन)

डॉक्टरांनी राखुंडी म्हटलं, मला मशेरी आठवली. आमच्या आईची. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, घरभर धूर, आम्ही खोकत अंगणात पळायचो. मग चुरा करून डबीत. सकाळी दात घासायला म्हणून सुरुवात, नंतर दुपारी, नंतर संध्याकाळी, "दात शिवशिवतात" म्हणून. शिवशिवत दात नव्हते, तलफ होती. गालाच्या आत पांढरा चट्टा आला तेव्हा तिला मुंबईला नायरच्या दंत रुग्णालयात घेऊन गेलो. त्यांनी तुकडा काढून तपासला. वेळेवर गेलो म्हणून वाचली. मशेरी सुटायला मात्र दोन वर्षं गेली.

मी स्वतः सुपारीच्या बागेवर जगतो, तरी लिहितो: सुपारीही चघळू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये सुपारीला कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलंय, तंबाखू नसली तरी. पूजेला, लग्नाला ठेवा की. माझी विकली जाईलच.

विषय पोराच्या दातांचा आहे हे माहीत आहे. पण घरात मशेरीची डबी असेल तर ती पोराच्या हाताला लागते, एवढंच सांगायचं होतं.

आंबेवाली वहिनी (देवगड तालुका)

सगळ्यांचे आभार. आठ दिवसांनी लिहितेय, कारण डॉक्टरांनी "कितीदा" म्हटलं ते माझ्या डोक्यात बसलं होतं आणि मला मोजायचं होतं.

रविवारी स्वयंपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूला कोळशाने रेघा मारल्या. तो गोड तोंडात घालेल तेव्हा एक रेघ, जेवणाची वेळ सोडून. त्याला सांगितलं नाही. सकाळी साखरेच्या दुधात बुडवलेली बिस्किटं, एक. ती बिस्किटं तर मी गोडात धरतच नव्हते! मग कड. मग शेजारच्या काकूंकडून खाजा घेऊन आला, त्यांचा भाऊ मालवणहून आणतो. मग सरबताचे घोट, ते मी सात धरले, खरं तर जास्त असतील. मोठ्याचा अभ्यास चालू असताना त्याच्याजवळ बसून पुन्हा कड. संध्याकाळी नारळाची वडी सासूबाईंनी "पोराक भूक लागली" म्हणून. निजताना पुन्हा दूध-साखर. रात्री रेघा मोजल्या तर तेरा. तेरा गुणिले अर्धा तास मी केलं नाही, मोठ्याने केलं. तो सहावीत आहे. म्हणाला, "आई, साडेसहा तास." मग स्वतःच्याच दातांवरून जीभ फिरवत बसला.

कडांची बरणी आता माळ्यावर आहे, तांदळाच्या पत्र्याच्या डब्यामागे. दुपारी भात-आमटी-मासा झाला की शेवटी एक पट्टी, तिथेच पाटावर बसून संपवायची, लगेच चुळा. गुरुजी, तीनच, मी मोजते. बाटलीत पाणी. पहिले दोन दिवस बाटली भरलेलीच घरी आली, तिसऱ्या दिवशी रिकामी. झाडांना ओतली असेल तर माहीत नाही. मधल्या वेळी ओलं खोबरं, भाजलेले शेंगदाणे, काकडी. खोबऱ्याचा तुकडा तो तासभर कुरतडतो, त्यात गोडाचा प्रश्न नाही ना डॉक्टर?

ब्रशचं मोरीजवळ उभं करून सुरू केलंय. पहिल्या रात्री माझं बोट चावला. एक अडचण अशी की पावसात ब्रश वाळतच नाही. प्लॅस्टिकची टोपी होती, तिच्यात बुरशीसारखा वास यायला लागला.

आणि एक विचारायचं होतं. परवा घासताना खालच्या बाजूला, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे, हिरडीतून पांढरं टोक वर आलेलं दिसलं. दात तर एकही पडला नाही तिथला. ही जादाची दाढ आहे का?

दातांची डॉक्टर (मालवणकडची)

टोपी फेकून द्या. ब्रश उभा, डोकं वर, उघड्यावर, चुलीच्या बाजूच्या भिंतीला लावा. केस पिंजारले की नवा, नाहीतर तीन महिन्यांनी. खोबरं उत्तम.

ती जादाची नाही, ती पक्की दाढ आहे! सहाव्या वर्षी येते, तिच्यासाठी कुठलाच दुधाचा दात पडत नाही, म्हणून निम्म्या आई-बापांना कळतच नाही. दुधाचीच समजतात, पडेल म्हणतात, आणि आठव्या वर्षी ती किडून माझ्याकडे येते. ही गेली तर हिच्या जागी दुसरी येणार नाही. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, ब्रशचा केससुद्धा जात नाही. पुढच्या खेपेला तुमच्या डॉक्टरांना विचारा, ती पूर्ण वर आली की खाचा बुजवून घ्यायच्या का. सुई नाही, दुखत नाही, पाच-दहा मिनिटांचं काम. तोवर रात्री ब्रश आडवा धरून त्या टोकावर वेगळा फिरवा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांनाही दाखवा. दातही बघतात ते.

गुरुजी (राजापूर)

गुळाबद्दल मागे घेतो. आमच्याकडे गूळ सणालाच फुटायचा, हे लिहायचं राहून गेलं होतं. चहात तर तेव्हा दूधच नसायचं.

आंबेवाली वहिनी (देवगड तालुका)

मंगळवारी रूट कॅनलची दुसरी खेप. कणकवलीला या वेळी तिघं जाणार. सुपारीवाल्या भाऊंचं मी मोठ्याने वाचून दाखवलं होतं. सासूबाई भाकरी थापत होत्या, काही बोलल्या नाहीत. रात्री म्हणाल्या, "माजी एक दाड हालता. तेवडीच दाकवूक येतंय." एसटीत माझं अर्धं, पोराचं अर्धं, त्यांचं पंचाहत्तरी झाल्यामुळे फुकट, म्हणजे खर्चाचं निमित्तही उरलं नाही.

मशेरीची डबी अजून त्यांच्या कमरेलाच आहे. डॉक्टरांना आधीच फोन करून सांगू की खुर्चीत बसल्यावर?